नाशिकच्या गटारापासून प्रवाळापर्यंत: शाळेत चित्रांचा प्रकल्प कसा केला, सगळं सविस्तर

गेल्या वर्षी मी आठवीला "प्रवाळ वाचवा" असा विषय दिला, कागद वाटले आणि निवांत बसले. चूक माझीच. ४२ चित्रं आली आणि निम्म्याहून जास्त चित्रांत तोच नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, मागे गुलाबी झुडपं, कोपऱ्यात हसरा सूर्य, खाली "सेव्ह कोरल". समुद्र कुणी पाहिलाच नव्हता असं नाही, गणपतीपुळे-अलिबाग बऱ्याच जणांचं झालेलं, पण चित्र आलं ते मोबाईलमधून. त्यात एका मुलीने विचारलं, "बाई, आपण नाशिकमध्ये बसून कसं वाचवायचं?" आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

या वर्षी परत केलं, वेगळ्या पद्धतीने. ६ आठवडे, आठवड्याला चित्रकलेचा एक जोडतास. कुणाला आपल्या शाळेत, क्लासमध्ये किंवा सोसायटीतल्या पोरांबरोबर करायचं असेल तर म्हणून सगळं लिहून काढतेय, जिथे फसलो तेही. मला कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते: मुलांना प्रवाळ काढायला लावू नका, पाण्याचा रस्ता काढायला लावा. प्रवाळ त्या रस्त्याच्या शेवटी आपोआप येतं, आणि कधीकधी येतही नाही, ते पुढे सांगते.

आधी आपला अभ्यास

मुलांना प्रवाळ म्हटलं की काही कळत नाही, पण पोवळं म्हणा, लगेच चार हात वर होतात, "आजीच्या अंगठीत आहे", "बाबांना मंगळासाठी सांगितलंय". तिथून सुरू करा. फक्त हे सांगा की अंगठीतलं लाल पोवळं खोल पाण्यातल्या वेगळ्या जातीचं, समुद्रात भिंती बांधणारं प्रवाळ वेगळं. दोन्ही मात्र प्राणीच, झाड नाही आणि दगडही नाही. छोटे छोटे जीव, त्यांना पॉलिप म्हणतात, एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि अंगाखाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. भिंती बांधणाऱ्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं पॉलिपला देतं. प्रवाळाचा रंग बराचसा त्या शेवाळाचाच. म्हणजे भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो, हे पोरांना लगेच पटतं.

समुद्राच्या तळाचा १ टक्कासुद्धा भाग या भिंतींनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या साधारण पाव जातींचा कधी ना कधी त्यांच्याशी संबंध येतो. आपल्याकडे कच्छचं आखात, मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही मोठी ठिकाणं. महाराष्ट्रात मालवणला आहे, तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं, आणि विजयदुर्गसमोर भर समुद्रात आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखाली बुडालेलं पठार. शिवाय मुंबईच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेल्या छोट्या वसाहती आहेत, त्या लक्षात ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

पहिला आठवडा, गटार बघायला जायचं

हसू नका. रंग-ब्रश काही न घेता फक्त पेन्सिल, पॅड आणि पाव इम्पिरियल कागद घेऊन शाळेबाहेर पडायचं आणि गेटसमोरची गटार कुठे जाते ते चालत शोधायचं. जुलै-ऑगस्ट उत्तम कारण पाणी वाहताना दिसतं. आमची गटार तीनशे-चारशे पावलांवर स्लॅबखाली गेली, मग पोरांनी रसवंतीवाल्या काकांना विचारलं, त्यांनी नाल्याकडे हात केला, नाला नासर्डीला आणि नासर्डी गोदावरीला. हे विचारत जाणं महत्त्वाचं आहे, गुगल मॅप आधी दाखवू नका.

एक गोष्ट मी चुकीची सांगितली होती, तुम्ही सांगू नका. पावसाचं पाणी आणि संडास-बाथरूमचं पाणी यांच्या लाइनी वेगळ्या असतात. घरातलं सांडपाणी तपोवनसारख्या मलनिस्सारण केंद्रात जाऊन शुद्ध होऊन नदीत जाणं अपेक्षित असतं, पावसाळी गटारीचं पाणी मात्र कुणी गाळत नाही, ते रस्त्यावरचं ऑइल, गुटख्याच्या पुड्या, माती सगळं घेऊन थेट जातं. अंगणात गाडी धुतलेलं पाणीही बहुतेक तिकडेच. आमच्या एका पोराने हे ऐकल्यावर घरी जाऊन वडिलांशी भांडण काढलं, ते पालकसभेत मला ऐकून घ्यावं लागलं, असो.

नंतर घाटावर. गोदाघाटावर मुलांना दुतोंड्या मारुतीजवळ बसवून स्केच करायला लावा, पण पाणी चढलेलं असेल किंवा गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावर उतरायचंच नाही, पुलावरून बघा किंवा दुसऱ्या दिवशी जा. पूर कुठपर्यंत आला हे नाशिककर मारुतीच्या गुडघ्या-कमरेवरून सांगतात, आणि मला तर ती शहरातली सगळ्यात चांगली मोजपट्टी वाटते. पाण्याचा रंग बघून ठेवायला सांगा, नंतर तोच रंग लावायचाय. गंमत म्हणजे एकाही पोराने पहिल्या स्केचमध्ये नदी तपकिरी दाखवली नाही, डोळ्यासमोर चहासारखं पाणी आणि हातात निळा खडू!

सुतळीचा नकाशा

हा भाग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून गोदावरी साधारण १४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. १ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर धरा आणि १४ मीटर ६५ सेंटीमीटर सुतळी कापा, व्हरांडाभर खिळ्यांना वळणं देत ताणा. नाशिक पहिल्या वीतभर-दीड वीतभर अंतरातच येऊन जातं. सगळी पोरं तिथे थांबतात आणि उरलेल्या सुतळीकडे बघत बसतात.

पुढे कार्डशीटच्या चिठ्ठ्या अडकवायच्या: नांदूर मधमेश्वर, जिथला पाणथळ भाग २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला, मग पैठणचं जायकवाडी, नांदेड, तेलंगणात बासर, भद्राचलम, आंध्रात राजमहेंद्री, धवळेश्वरमचा बंधारा, आणि शेवटी फाटे फुटून समुद्र. मधली अंतरं अगदी काटेकोर नसली तरी चालतील, क्रम मात्र चुकवू नका.

आता गोची. मी पण शेवटी प्रवाळाची भिंत रंगवायला निघाले होते. पण गोदावरीच्या मुखाशी प्रवाळ नाही! भिंती बांधणाऱ्या प्रवाळाला खारं, उबदार, स्वच्छ आणि उजेडाचं पाणी लागतं, आणि एवढी मोठी नदी गोडं पाणी आणि गाळ ओतत असेल तिथे ते टिकणार कसं. तिथे आहे कोरिंगाचं खारफुटीचं जंगल, काकीनाड्याजवळ. खारफुटीची मुळं गाळ अडवतात, माशांची पिल्लं तिथे वाढतात. म्हणून लांब सुतळीच्या टोकाला आम्ही खारफुटी काढली. पोरं नाराज झाली, पण खोटं चित्र काढून वर "पर्यावरण वाचवा" लिहिण्यात काय अर्थ आहे.

मग दुसरी सुतळी. त्याच त्र्यंबकच्या डोंगराजवळून वैतरणा निघते आणि पश्चिमेला पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते, दीडशे-एक किलोमीटर, म्हणजे सुतळी फक्त दीड मीटर. एकाच डोंगराच्या एका उतारावरचा थेंब १४६५ किलोमीटर जातो आणि दुसऱ्या उतारावरचा दीडशे! अप्पर वैतरणा धरण आपल्याच जिल्ह्यात, त्यातलं पाणी मुंबई पिते. मुंबईच्या नळातून ते स्वयंपाकघरात, तिथून सांडपाण्याच्या लाइनीत, आणि वरळी-वांद्र्याहून पाइपाने समुद्रात. आणि त्याच वरळी, हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आहे, २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी त्यातल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या. पोस्टरमधल्यासारखी रंगीबेरंगी भिंत नाही हो ती, गढूळ पाण्यात तग धरून राहिलेल्या चिवट जाती आहेत, ओहोटीला खडकावर दिसतात. पण इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाचा प्रवाळापर्यंतचा खरा रस्ता हा. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

उरलेलं अर्धं हवेतून जातं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची चिमणी सगळ्यांनी पाहिलेली असते. त्या कोळशाचा, आपल्या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड समुद्रापर्यंत जायला नदी लागत नाही; त्याने समुद्र तापतो आणि तो पाण्यात विरघळून पाणी आम्लाकडे झुकवतो, दोन्ही पुढे येतं. म्हणून आम्ही तिसरी लाइन लोकरीची केली, चिमणीपासून थेट छताला आणि छतावरून दोन्ही टोकांना. बघणाऱ्या पालकांना याचं सगळ्यात आश्चर्य वाटलं.

बरणीतले प्रयोग

चित्रांआधी एक जोडतास यावर घालवाच, नाहीतर मुलं शब्द पाठ करतात.

उजेडाचा प्रयोग: दोन काचेच्या बरण्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मूठभर काळी माती ढवळून. खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारा, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा. दुसऱ्या बरणीतून उजेड जवळजवळ येतच नाही. प्रवाळातल्या शेवाळाला ऊन लागतं हे आधी सांगितलेलं असलं की पोरं स्वतःच म्हणतात, "बाई, मग ते उपाशी मरणार". बरणी तशीच ठेवून द्या, तासाभराने माती तळाशी बसते, म्हणजे आधी उजेड बंद आणि मग अंगावर गाळ, दोन्ही दिसतं.

खताचा मुद्दा बरणीत दाखवायची गरजच नाही, नदीवरच्या पाणवेली दाखवा. सांडपाणी आणि खतातलं नत्र-स्फुरद मिळालं की पाणवेली माजते तसंच समुद्रात शेवाळ माजतं आणि प्रवाळाची जागा व्यापतं.

आम्लाचा प्रयोग: अंड्याचं टरफल रात्रभर व्हिनेगरमध्ये. बुडबुडे येतात, टरफल मऊ पडतं. खडू वापरू नका, फळ्याचे खडू पुष्कळदा जिप्समचे असतात, काहीच होत नाही आणि वर्ग तुमच्याकडे बघत राहतो (अनुभव). आणि हे स्पष्ट सांगा की व्हिनेगर कितीतरी जास्त आंबट, समुद्राचं पाणी आजही अल्कलीच आहे, पीएच साधारण ८.२ वरून ८.१ कडे आलाय, एवढ्यानेही चुन्याचा सांगाडा बांधायला प्रवाळाला जास्त कष्ट पडतात. समुद्र व्हिनेगर झालाय असं एका मुलाने घरी सांगितलं होतं म्हणून लिहितेय.

आता चित्रं

सगळ्यात जमलेला प्रकार पारदर्शक कागदाचा. ओएचपी शीट मिळाली तर बरं, नाहीतर जुन्या फाइलचं पारदर्शक कव्हर. खाली कार्ट्रिज कागदावर प्रवाळाचा सांगाडा फक्त पेन्सिलने आणि हलक्या राखाडी छटेने काढायचा, पांढरा ठेवायचा. वरच्या पारदर्शक शीटवर त्याच आकारात मार्करने रंग भरायचे: तपकिरी, हिरवट, पिवळट, थोडा जांभळा. शीट वरच्या कडेला चिकटपट्टीने लावायची, म्हणजे कॅलेंडरच्या पानासारखी उचलता येते. उचलली की प्रवाळ पांढरं. हेच ब्लीचिंग. उन्हाळ्यात नेहमी जेवढं जास्तीत जास्त तापतं त्यापेक्षा पाणी साधारण १ अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं, अंग पारदर्शक असल्यामुळे खालचा सांगाडा दिसतो. मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं, म्हणून शीट परत खाली आणता येणं महत्त्वाचं, ती फाडून टाकायची नाही. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशी जगभर तीन मोठी ब्लीचिंग झाली आणि चौथं सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं, त्यात लक्षद्वीपलाही फटका बसला. हे आकडे शीटच्या मागच्या बाजूला लिहायला लावा, उचलणाऱ्यालाच दिसतील.

एक टीप, पांढरं म्हणजे मुलांना छान, स्वच्छ वाटतं. आमच्याकडे दोघांनी पांढरं प्रवाळ चमचमतं काढलं. रागावू नका, शेजारी भुकेला मासा काढायला सांगा.

दुसरा प्रकार क्रोशाचा आणि यात आज्या लागतात. मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये २००५ साली क्रोशाने प्रवाळाची भिंत विणायला सुरुवात केली, पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात हात घातला. युक्ती सोपी: पाच-सहा साखळ्यांचा गोल करा, मग खांब घालत फिरा, पण दर दोन खांबांनंतर एकाच घरात दोन खांब घाला. दोन-तीन फेऱ्यांनंतर विणकाम सपाट राहतच नाही, झालर पडायला लागते, आणि प्रवाळाच्या बऱ्याच जाती अशाच झालरीच्या असतात. वाढ कमी ठेवली तर पसरट, जास्त ठेवली तर घट्ट कोबीसारखं. जुने सुती दोरे, उसवलेले स्वेटर वापरा. बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच, फक्त त्यासाठी नवी आणू नका. एका आजींनी तोरणाच्या उरलेल्या दोऱ्यातून सात प्रवाळं करून पाठवली आणि बरोबर चिठ्ठी, "अजून लागली तर सांगा, टीव्ही बघता बघता होतात."

तिसरं, वयाचं प्रवाळ. गोटाळ जाती वर्षाला फार तर १-२ सेंटीमीटर वाढतात, बऱ्याच जाती त्याहून कमी. १ सेंटीमीटर धरा आणि प्रत्येकाने आपल्या वयाएवढं प्रवाळ खऱ्या मापात काढायचं. तेरा वर्षांच्या मुलाचं तेरा सेंटीमीटर. मग शेजारी आजोबांच्या वयाचं. पट्टी लावून मोजल्यावर "तोडलं तर परत येईल की" हे वाक्य कुणी बोलत नाही. इथेच सांगून टाका की दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत, तेव्हा सहलीवरून तुकडा आणायचा नाही आणि तारकर्लीला स्नॉर्कलिंग करताना त्यावर उभं राहायचं नाही.

भिंतचित्र करणार असाल तर गेरू आणि चुना-पांढरी मातीवर भागतं. गटारीच्या झाकणाजवळ "हे पाणी गोदावरीत जातं" असं लिहायची कल्पना फार चांगली आहे, पण रस्ता महापालिकेचा, विभागीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या आणि मगच करा. आम्ही शाळेच्या आतल्या चेंबरवर केलं, तिथे कुणाला विचारावं लागत नाही. अक्षरांचा साचा जुन्या एक्स-रे फिल्मचा कापला.

सामानाबद्दल

थर्माकोल नाही, चमकी नाही, फुगे नाहीत. चमकी हा प्लास्टिकचा चुराच, ब्रश धुतला की गटारीत. पोस्टर कलर चालतात. ब्रश नळाखाली धुवायचे नाहीत, वर्गात एक बादली ठेवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी निथळून खालचा चिखल वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. आमच्या ६ आठवड्यांचा चिखल एका वाटीत मावला, ती वाटी आम्ही प्रदर्शनात ठेवली.

घरी खळ करत असाल तर मोरचूद (तांब्याचं सल्फेट) घालू नका, किडे लागू नयेत म्हणून जुनी माणसं घालतात. तांबं पाण्यातल्या जीवांना विषारी, प्रवाळाला तर फारच. आमच्या वर्गात द्राक्षबागायतदारांची पोरं बरीच, मोरचूद म्हटल्याबरोबर "बोर्डोसाठी आणतात ते!" (बोर्डो म्हणजे बुरशी लागू नये म्हणून फवारायचं मिश्रण). मग त्यातल्या एकाने वडिलांना विचारून फवारणीचा पंप कुठे धुतात याचं चित्र काढलं. विहिरीजवळ धुतात. वडील स्वतः प्रदर्शनाला आले तेव्हा जरा अवघडले, पण हसले. शेतकऱ्याला गुन्हेगार करणारं चित्र काढू देऊ नका, पंप कुठे धुवावा हे दाखवणारं काढू द्या.

चित्राखालचं वाक्य

"सेव्ह", "वाचवा", "काळाची गरज" या तिन्हीवर मी बंदी घातली. त्याऐवजी प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं, ज्यात घरातलं माणूस आणि रोजची गोष्ट असेल. आलेली दोन देते: "आमची मोटारसायकल दर रविवारी पाइप लावून धुतात, आता एक बादली." "आई निर्माल्य पिशवीसकट पुलावरून टाकायची, आता कुंडीत पुरते." चित्रापेक्षा लोक हीच वाक्यं वाचत थांबत होते.

प्रदर्शन

शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं तर शाळेचेच लोक बघतात. पालकसभेच्या दिवशी व्हरांड्यात ठेवा, चपला काढतात तिथे, मग सुटका नाही. गणपतीत ओळखीच्या मंडळाला विचारा, देखाव्यासाठी कल्पना शोधतच असतात, आमची सुतळी एका मंडळाने मांडवाभर लावली. सुतळी डोळ्याच्या उंचीवर हवी, लहान मुलांच्या. प्रत्येक तुकड्याजवळ एक पोर उभं राहून सांगेल असं करा आणि पाठ करून घेऊ नका, अडखळू द्या.

सह्यांचा फलक ठेवू नका, लोक सही करतात आणि विसरतात. आम्ही आलेल्यांना चिठ्ठीवर एकच बदल लिहायला सांगितलं आणि एक महिन्याने मुलांनी फोन करून विचारलं. ६३ चिठ्ठ्यांपैकी १९ जणांनी केलं म्हणून सांगितलं, आठ-दहा जणांनी फोनच उचलला नाही, एक काका म्हणाले "कसलं प्रवाळ?" हा सगळा हिशोब पोरांनीच मांडला आणि तोही सुतळीच्या शेजारी लावला.

बाहेरच्या स्पर्धेत पाठवायचं असेल तर बो सीट या संस्थेची समुद्रावरची स्पर्धा ११ ते १८ वयासाठी असते, नियम आणि तारीख दरवर्षी बघून घ्या. चित्राचा फोटो दिवसा, सावलीत, सरळ समोरून काढा, ट्यूबलाइटखाली पिवळा येतो.

सुतळी काढताना गुंडाळू नका, गाठ पडते. पुठ्ठ्याच्या नळीवर चिठ्ठ्यांसकट फिरवून ठेवा आणि नळीवर लिहा कुठलं टोक त्र्यंबकचं. आम्ही लिहिलं नाही, आता पुढच्या वर्षी खारफुटीकडून सुरुवात करावी लागणार आहे.